थांबल्यावर ये

जिवनबाईच्या घरात हळदीचा जेवढा मान होता, तेवढा माणसांचा नव्हता. हळद शिजायला लागली की म्हातारी बॉयलरजवळ कुणाला चपला घालू द्यायची नाही, शिंकू द्यायची नाही, आणि बाहेरच्या बाईला तर तिकडच्या वाऱ्यालाही उभी राहू द्यायची नाही. बाहेरची म्हणजे पाळी आलेली. तिची सावली पडली की हळद आतून कच्ची राहते, हे जिवनबाईला तिच्या सासूनं सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. तिघींपैकी एकीनंही हळदीला विचारलं नव्हतं.

थोरली सून मिराबाई त्या दिवशी बॉयलरपासून दोन हातांवर बसून पाट्या भरत होती, आणि ती बाहेरची होती. पोळ्यापासून होती. आता होळी तोंडावर आली होती.

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पुढे हा बंजाऱ्यांचा तांडा. जिवनबाईची दोन पोरं, थोरला खेमा, म्हणजे मिराबाईचा नवरा, आणि धाकटा प्रेमदास. दोघांनी मिळून बॉयलर घेतला होता, आणि घरची हळद झाली की आसपासच्या गावांची शिजवून द्यायचे. पुरुष जाळ सांभाळायचे, बाया ओल्या हळदीची माती झाडून पाट्या भरायच्या, शिजलेली हळद अंगणात पसरायच्या. सकाळी उठल्यापासून वाफ, धूर आणि वाकलेली कंबर. मिराबाईची कंबर वाकल्यावर सरळ व्हायला तयार नसायची. ओटीपोटात कुणी पिळा दिल्यासारखं व्हायचं, मग ती पाटीच्या काठाला धरून श्वास रोखायची आणि म्हणायची, "पाय मुंगून गेला बाई."

एक गोष्ट मात्र तिच्या सोयीची होती. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो. हळदीच्या मुलखात हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्यामुळं मिराबाईच्या लुगड्यावर लाल दिसलं तरी कुणी विचारायचं नाही. जुन्या पातळाच्या चिंध्या ती ओढ्यावर धुवायची आणि कडब्याच्या गंजीमागं वाळत घालायची. अंगाला येणारा वास वाफेत मिसळून जायचा. वाफेची बाजू सोडून ती बसायचीच नाही.

तिनं दाखवलं नव्हतं असं नाही. संक्रांतीच्या सुमाराला ती गोळ्या आणायला शहरात गेली होती. गोळ्या एचआयव्हीच्या. तिच्याही आणि खेमाच्याही. घरात सांगितलं होतं की तिच्या गोळ्या रक्त वाढायच्या आणि त्याच्या काविळीच्या. खेमाला आधी कळलं होतं. वर्षभर तो एकटाच काविळीचं नाव सांगून गोळ्या खात राहिला आणि रोज तिच्याशेजारी झोपत राहिला. मग तिला ताप भरला, तपासणी झाली आणि तिलाही निघालं. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आता झालं ते झालं. बोंबलू नको." ती बोंबलली नाही. एकच पोरगी, ती लग्न होऊन पुसदकडं नांदत होती. बोंबलून कुणाचं भलं होणार होतं?

गोळ्यांच्या खिडकीशी अफसाना सिस्टर होती. बाई कामाची, पण रांग दाराबाहेर गेलेली. कार्ड बघता बघता ती म्हणाली, "मिराबाई, या आजारात दरवर्षी गर्भपिशवीचं तोंड तपासावं लागतं. तुमचं राहिलंय. चला, आत टेबलावर."

मिराबाई मागं सरकली. "आज न्हाई जमत सिस्टर. बाहेरची हाय म्या."

"मग आज काही दिसायचं नाही. थांबल्यावर ये," सिस्टर म्हणाली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

किती दिवसांपासून, हे सिस्टरनं विचारलं नाही आणि मिराबाईनं सांगितलं नाही. मागं दहा-बारा माणसं उभी, त्यात पुरुष. असलं कुणी ओरडून सांगतं का? शिवाय तिला सिस्टरचं पटलं होतं. ज्या अंगानं हळदीजवळ जायचं नाही, त्या अंगानं डॉक्टरीणबाईच्या टेबलावर कसं निजायचं? सांगितलेलं ऐकणारी बाई होती ती. रोजची गोळी कधी चुकवली नाही. तशीच हे थांबायची वाट बघत राहिली. एखाद्या दिवशी चिंधी कोरडी निघायची, आणि ती मनात म्हणायची, उद्याबी असंच राह्यलं तर जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

होळीच्या आधी अवकाळी आला. सरपण भिजलं. गोरेगावच्या एका शेतकऱ्याची हळद बॉयलरमध्ये होती आणि जाळ धरत नव्हता. शिजली का हे बघायला काडी टोचतात. आरपार गेली की काढायची. ते काम खेमाचं. त्यानं काडी टोचली, ती अर्ध्यावर अडली. मिराबाईनं बघितलं. खेमानंही तिच्याकडं बघितलं. वर आभाळ पुन्हा भरून आलं होतं.

"काढा," खेमा म्हणाला. "झाली."

"आरपार न्हाई गेली," मिराबाई हळूच म्हणाली.

"तू काडी टोचून राहिली का मी? पाट्या लाव."

हळद निघाली, पसरली, वाळली. होळी झाली. तांड्यावर बायांनी फेर धरून लेंगी, होळीची गाणी, म्हटली. मिराबाई पाय दुखतो म्हणून घरात पडून राहिली, तेव्हा जिवनबाई दारातून तिच्याकडं बराच वेळ बघत होती.

होळीनंतर शेतकरी माल बघायला आला. त्यानं एक हळकुंड मोडलं. आत पांढरट. दुसरं मोडलं, तेही तसंच. त्यानं ते प्रेमदासच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "हे काय केलं राव? ह्याला आता भुंगा लागंल. कोण घेईल?" भल्या माणसानं शिव्या दिल्या नाहीत, पण पुढच्या वर्षी दुसऱ्याकडं जाईन एवढं सांगून गेला.

जिवनबाई ओसरीवर बसली होती. फेटिया-कांचळी, म्हणजे जुना घागरा-चोळी घातलेली म्हातारी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. तिनं मोडलेलं हळकुंड मागून घेतलं, उजेडात धरलं आणि दोन्ही सुनांना समोर बोलावलं.

"कोन शिवलं हळदीला?" तिनं विचारलं.

दोघी सुना सासूला आईसारखं याडी म्हणायच्या. धाकटी सुनिता म्हणाली, "म्या तर तवा चार दिवस लांबच व्हते याडी. तुमालाच सांगून."

"मग तू?" म्हातारीनं मिराबाईच्या हातात हळकुंड ठेवलं. "सेवालाल म्हाराजाचं नाव घे आन सांग, तू बाहेरची न्हवती."

मिराबाईनं हळकुंड धरलं. समोर खेमा उभा होता. काडी अर्ध्यावर अडली होती हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या तोंडातून एक शब्द निघाला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. तो बॉयलरच्या नळीला चिंधी गुंडाळत राहिला, फार महत्त्वाचं काम असल्यासारखा. आणि महाराजाचं नाव घेऊन खोटं बोलायची मिराबाईची छाती नव्हती.

"व्हते," ती म्हणाली.

म्हातारीनं तिला मारलं नाही. मारलं असतं तर बरं. तिनं शांतपणे सुनिताला सांगितलं, "हिचं ताट-तांब्या गोठ्यात ने. पुरं थांबत न्हाई तवर ही हिकडं येनार न्हाई." मग मिराबाईकडं वळून म्हणाली, "ज्याचं खाल्लं त्याची माती केली तू."

गोठ्यात एका कोपऱ्यात कडबा, दुसऱ्यात गाय. मिराबाईनं गोणपाट अंथरलं. कष्टाला विसावा मिळाला म्हणून अंगाला बरं वाटायला हवं होतं, तर आता दुखणं उघडंच पडलं. काम करताना ते कामात मिसळून जायचं. रिकाम्या अंगात त्याला जागाच जागा झाली. सुनिता दुरून ताट सरकवायची. रागानं नव्हे, म्हातारी ओसरीवरून बघायची म्हणून. पाडव्याच्या पुरणपोळीचं ताटही तसंच सरकत आलं. गाईची वैरण हातानं घालायचे आणि बाईची भाकर पायाच्या अंतरावरून, हे बघून मिराबाईला पहिल्यांदा हसू आलं आणि मग रडू.

पाच दिवस झाले, आठ झाले, ती काही उठून अंघोळ करेना. सुनिता एका दुपारी कडबा काढायला गंजीमागं गेली आणि तिथं वाळत घातलेल्या चिंध्या तिच्या हाताला लागल्या. ती त्या घेऊन सरळ गोठ्यात आली.

"बाई, हे काय?"

"हळद हाय. साबण लागला."

"मला शिकवती का? हळदीचा डाग उन्हात उडून जातो. हे काळं पडलंय." सुनिता उंबरा ओलांडून आत आली आणि तिच्याजवळ बसली. मग तिला तो वास आला. तिनं पदर नाकाला लावला नाही, एवढं मिराबाईनं नीट लक्षात ठेवलं. "कवापासून?"

"पोळ्यापासून."

"पोळ्यापासून! आन तू गप? अगं, ही पाळी न्हाई. ही कसली पाळी? चल, उद्या दवाखान्यात."

"थांबल्यावर बोलवलंय सिस्टरनं."

सुनितानं चिंध्या खाली टाकल्या. "थांबलं असतं तर कशाला जायचं व्हतं?"

एवढं साधं होतं ते. मिराबाईला इतक्या महिन्यांत ते सुचलं नव्हतं. पण तिला दुसरीच भीती पडली. सुनिता दहावी शिकलेली. सोबत आली तर कुठल्या खोलीत नेतात, बाहेर काय लिहिलंय, सगळं वाचेल. तांड्यावर कळलं तर या बॉयलरवर कोण हळद आणेल? "म्या एकली जाते," ती म्हणाली.

"उभी तर राहून दाखव," सुनिता म्हणाली.

मिराबाई उठायला गेली आणि खांबाला धरून खाली बसली.

जीपमध्ये सुनितानं तिला खिडकीशी बसवलं आणि खाली जुनं पोतं घातलं. शहरात गेल्यावर मिराबाईनं तिला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. सुनिता बसली. तिच्या समोरच्या दारावर पाटी होती. ती तिनं वाचली.

आत या वेळी रांग नव्हती. मिराबाईला टेबलावर घेतलं, डॉक्टरीणबाई आल्या, दिवा लावला. थोड्याच वेळात त्या हात धुवायला गेल्या आणि अफसाना सिस्टरला इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. सिस्टरचा चेहरा उतरला.

"पिशवीच्या तोंडाशी गाठ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुकडा काढून पाठवते, पण मला कॅन्सरच दिसतोय. नांदेडला जावं लागेल, किरणांचे शेक घ्यावे लागतील. अजून वेळ गेलेली नाही. पण आता घालवू नका."

त्या गेल्यावर सिस्टर स्टूल ओढून जवळ बसली. "मिराबाई, कधीपासून जातंय अंगावरून?"

"पोळ्यापासून."

"मग संक्रांतीला बोलला का नाहीत मला? मी तुम्हाला त्याच दिवशी आत घेतलं असतं."

"तुमीच म्हनलात, थांबल्यावर ये," मिराबाई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते सिस्टरला जास्त लागलं. "म्या वाट बघितली. थांबलंच न्हाई."

"मी विचारायला पाहिजे होतं," सिस्टर म्हणाली. मग सावकाश तिनं सांगितलं. पिशवीच्या तोंडाला एक विषाणू लागतो. नवराबायकोच्या संबंधातूनच लागतो, बहुतेक बायांना कधी ना कधी लागतो, आणि अंगातली ताकद त्याला हाकलून देते. या आजारात ती ताकद कमी पडते, मग तो तिथंच घर करतो आणि वर्षानुवर्षं आतून जागा खराब करत राहतो. म्हणून या बायांनी दरवर्षी दाखवायचं. लवकर सापडलं तर तेवढीच जागा जाळून बाई घरी जाते.

"म्हंजी हे बी त्येंच्यापासूनच?"

"कुणापासून, ते सांगता येत नाही. तो विषाणू सगळीकडं आहे. बाहेर बसलीय ती जाऊ ना तुमची? तिनंही तपासून घ्यावं, कुठलाही आजार नसला तरी."

मिराबाईनं मान हलवली. एका माणसानं एका अंगात आणून टाकायचं तरी किती, असं तिच्या मनात आलं, पण सिस्टरला तिनं ते सांगितलं नाही.

परतीच्या जीपमध्ये सुनितानं सेनगावपर्यंत मिराबाईची पिशवी मांडीवर धरली. मग पुढच्या माणसाच्या पाठीकडं बघत म्हणाली, "किती साल झाले?"

"लई."

"आपुन एका ताटात जेवत व्हतो बाई. मला काहून न्हाई सांगितलं?"

"एका ताटात जेवत व्हतो म्हनूनच."

सुनितानं डोळे पुसले. ती सरकून जवळ आली नाही आणि लांबही गेली नाही. गोरेगाव आलं तेव्हा तिनं मिराबाईच्या हाताखाली हात घालून तिला खाली उतरवलं.

दिवस मावळायच्या आत घरातली बैठक बसली. मिराबाई गोठ्याच्या दारात, बाकीचे ओसरीवर. सुनितानं नांदेडचं सांगितलं. सोबत खेमानं जावं, तिथं राहावं लागेल, असंही सांगितलं.

"ऐन हळदीत?" जिवनबाई म्हणाली. "बाईचं दुखणं बाईनं निस्तरावं. पुरुषानं जाळ सोडून कुठं जावं? हळद झाली की बघू."

खेमा जमिनीवर काडीनं रेघा मारत होता. तीच काडी असावी, हळदीत टोचायची.

मिराबाई त्या काडीकडं बघत राहिली. आणि मग जे इतकी वर्षं गोळीबरोबर गिळलं होतं, ते तिनं बोलून टाकलं. "मला ह्या गाठीसंगं एचआयव्ही बी हाय. म्हनून हे लवकर वाढलं. माझ्या गोळ्या रगताच्या न्हाईत. आन ह्येंच्या काविळीच्या न्हाईत."

प्रेमदास उठून उभाच राहिला. जिवनबाईच्या बांगड्या वाजल्या.

"तूच आनला असशील," म्हातारी म्हणाली. "माझ्या पोराला तूच लावलास. जी हळद नासवती ती काय न्हाई करनार?"

मिराबाईनं नवऱ्याकडं बघितलं. ती त्याच्याकडं मागत होती ती एकच गोष्ट. ना पैसा, ना सेवा, फक्त खरं बोलणं. आजार लपवताना तो गप्प होता, हळदीच्या वेळी गप्प होता. आता तरी बोलेल. खेमानं काडी मोडली आणि दोन्ही तुकडे ओसरीखाली टाकले.

मग सुनिता बोलली. जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तिनं कधी घुंगट वर केला नव्हता, की तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी तिनं पदर मागं सारला. "याडी, थोरल्याच्या गोळ्या आधी सुरू झाल्या. बाईला ताप आला तो पुढच्या सालात. काविळीची गोळी म्हनून तुमीच रोज पान्याचा तांब्या नेऊन देत व्हता. इसरलात का?"

जिवनबाई विसरली नव्हती. तिच्या तोंडावर ते स्पष्ट दिसलं. पण म्हाताऱ्या माणसाला खरं कळलं म्हणून ते मानायलाच हवं, असं थोडंच आहे? ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

सकाळी फाट्यावरची जीप तांड्याच्या रस्त्यावर येऊन भोंगा वाजवायला लागली. मिराबाई पिशवी घेऊन निघाली. गोठ्यापासून रस्त्यापर्यंत सगळं अंगण हळदीनं भरलेलं होतं, उशिरा निघालेल्या शेवटच्या वावरातली, आदल्या दिवशी शिजलेली घरची हळद. जायचं तर मागून ओढ्याकडनं वळसा. तिच्या पायांना तो वळसा झेपणारा नव्हता.

"मागून जा!" जिवनबाई ओसरीवरून ओरडली. "हळदीला शिवू नको! थांबलं न्हाई तुझं अजून!"

मिराबाई उभी राहिली. खेमा पलीकडं दाताळ्यानं हळद परतत होता. त्याचा हात थांबला.

"थांबायची लई वाट बघितली याडी," ती म्हणाली. "आता म्या न्हाई थांबत."

तिनं चपला काढून हातात घेतल्या, कारण अन्न ते अन्नच, आणि हळदीतून सरळ चालत निघाली. पायाखाली हळकुंडं सरकत होती. मधेच पोटात पिळा आला, ती तिथंच उभी राहिली, आणि तो ओसरला तशी पुढं चालली. थेंब पडला की नाही, कुणी जाऊन बघितलं नाही. रात्रीच बोलावून घेतलेल्या आपल्या आईच्या हवाली पोरं करून सुनिता आधीच जीपमध्ये बसली होती. खेमा दाताळं धरून उभा होता. जीप गेली, धूळ खाली बसली, आणि त्यानं पुन्हा हळद परतायला घेतली.

जिथनं ती चालली तेवढी पट्टी जिवनबाईनं वेगळी काढायला लावली. ती वेगळी वाळली, आणि वेगळ्या पोत्यात भरली. "ही आपल्या नावावर इकू नका," म्हातारी म्हणाली. तिकडं नांदेडला मिराबाईचे शेक चालू होते. सुनिता तिला उचलून बसवत होती, भात भरवत होती, एकाच ताटात. बरी होईल का, हे डॉक्टर अजून सांगत नव्हते.

हिंगोलीच्या बाजारात व्यापाऱ्यानं पोती उघडायला लावली. खेमानं ते वेगळं भरलेलं पोतं मागं ठेवलं होतं, व्यापाऱ्यानं नेमकं तेच ओढलं. एक हळकुंड काढून दगडावर मोडलं, मग दुसरं. खेमा तिकडं बघत नव्हता.

"वा," व्यापारी म्हणाला. "आत गच्च केशरी. ह्यात काडी बराबर आरपार गेलीय. कुणी शिजवली?"

खेमा पोत्याचं तोंड पुन्हा बांधायला लागला.